रंगीत स्क्रीनवाले हरले अन् चार पेन्सिल सेलवर चालणारा गेमबॉय जिंकला, तो या माणसामुळे

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्टेशनवर उभं राहून बघा. गाडी आली की आधी धक्काबुक्की, मग कसाबसा आत शिरकाव. आत गेल्यावर एक हात वरच्या कडीला अन् दुसऱ्या हातात मोबाईल. त्यातल्या कितीतरी मोबाईलवर गेम चालू असतो. फोन पन्नास हजारांचा असला तरी गेम असतो लुडो नाहीतर कॅन्डी क्रश.

म्हणजे हातात ताकद भरपूर, पण खेळायला पाहिजे काहीतरी साधंच.

ज्यांचं बालपण नव्वदीत ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये गेलं त्यांना याचं नवल वाटणार नाही. तेव्हा घरात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम म्हणजे श्रीमंती. मारिओ, कॉन्ट्रा, सगळी बिल्डिंग जमा व्हायची. पण घरच्यांना बातम्या लावायच्या असल्या की खेळ बंद. लाईट गेली तरी खेळ बंद. अशा वेळी खरा आधार असायचा तो ब्रिक गेमचा. स्क्रीन काळीपांढरी, आवाज किर्रर्र करणारा, पण दोन पेन्सिल सेल टाकले की आठवडेच्या आठवडे चालायचा.

आज प्लेस्टेशन भारी की एक्सबॉक्स भारी यावरून सोशल मीडियावर जी भांडणं होतात, त्यात मुद्दा एकच असतो. कुणाचा प्रोसेसर मोठा, कुणाचे टेराफ्लॉप जास्त. पण मशीनची ताकद जास्त असली म्हणजे ते मशीन जिंकतं का? या प्रश्नाचं उत्तर एका जपानी माणसाने आपल्या आयुष्यातून दिलंय. एकदा जिंकून आणि एकदा हरून.

त्या माणसाचं नाव गुनपेई योकोई.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकले. १९६५ मध्ये त्यांना गावातल्याच एका कंपनीत नोकरी लागली. कंपनीचं नाव निन्टेन्डो. आता तुम्हाला वाटेल गेमच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणजे गडी सुरुवातीपासूनच भारी कामाला लागला असेल. तर तसं काही नव्हतं. तेव्हाची निन्टेन्डो १८८९ पासून पत्ते बनवणारी कंपनी होती. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. योकोई यांचं काम काय, तर पत्ते छापायच्या कारखान्यातली यंत्रं चालू ठेवायची. थोडक्यात मेंटेनन्सवाला माणूस.

काम कमी, वेळ भरपूर. मग बसल्या बसल्या त्यांनी स्वतःसाठी एक खेळणं बनवलं. कैचीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा लांब होणारा हात. मूठ दाबली की हात पुढे जाणार अन् लांबची वस्तू पकडणार.

१९६६ मध्ये कंपनीचे मालक हिरोशी यामाउची कारखान्यात आले आणि त्यांनी हे खेळणं पाहिलं. कामाच्या वेळेत टाइमपास केला म्हणून आता बोलणी खावी लागणार असं योकोईंना वाटलं. झालं उलटंच. मालकांनी हीच वस्तू नाताळच्या बाजारासाठी तयार करायला सांगितली. ‘अल्ट्रा हँड’ नावाने ती बाजारात आली आणि दहा लाखांच्या वर खपली. मेंटेनन्सवाला माणूस एका झटक्यात खेळणी बनवणाऱ्या विभागात गेला.

इथून पुढे योकोईंचं एक सूत्र दिसायला लागतं. बाजारात आलेलं सगळ्यात नवं तंत्रज्ञान घ्यायचं नाही. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत आहेत असं तंत्रज्ञान घ्यायचं. आणि ते आजवर कुणी वापरलं नाही अशा ठिकाणी वापरायचं.

उदाहरण बघा. १९६९ मध्ये त्यांनी ‘लव्ह टेस्टर’ काढला. एका मुलाने अन् एका मुलीने एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हाताने यंत्राचे गोळे पकडायचे, मग काटा हलून तुमचं प्रेम किती ते सांगणार. आत होतं काय? अंगातून जाणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजणारा साधा मीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. पण पोरांना हात धरायला कारण मिळालं, विषय संपला.

सत्तरच्या दशकात त्यांनी रिमोटवर चालणारी गाडी बनवली. तेव्हा असल्या गाड्या फार महाग होत्या, कारण पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हालचालीसाठी सर्किट वाढायचं. योकोईंनी बाकी सगळं काढून टाकलं. गाडी सरळ जाणार आणि बटण दाबलं की फक्त डावीकडे वळणार. नाव ठेवलं ‘लेफ्टी आरएक्स’. उजवीकडे जायचं असेल तर डावीकडून गोल फिरून या. पण शर्यतीच्या गोल ट्रॅकवर उजवीकडे वळायचंय कुणाला? किंमत कमी झाली आणि मजा तेवढीच राहिली.

मग आली ती गोष्ट जी आपल्या लोकलवाल्यांना लगेच पटेल.

योकोई एकदा जपानच्या बुलेट ट्रेनने चालले होते. समोर एक नोकरदार माणूस वेळ जात नाही म्हणून हातातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईंच्या डोक्यात आलं, की लोकांना खिशात मावेल आणि गाडीत कुणाच्या नजरेत येणार नाही असा छोटा खेळ मिळाला तर?

पुढे एकदा मालकांचा ड्रायव्हर आजारी पडला आणि त्यांची गाडी चालवायचं काम योकोईंवर आलं. वाटेत गप्पा मारायच्या म्हणून त्यांनी ही कल्पना सांगून टाकली. मालक फार काही बोलले नाहीत. पण पुढच्या काही दिवसांतच कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प कंपनीची माणसं निन्टेन्डोच्या ऑफिसात हजर झाली.

शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून किमतीची मारामारी चालली होती. त्यामुळे एलसीडीचे छोटे पडदे भरमसाठ बनत होते अन् स्वस्त झाले होते. योकोईंना हेच पाहिजे होतं. एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. त्यात एक छोटा खेळ आणि एक घड्याळ, बस्स. या मालिकेचे सगळे मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले.

१९८२ मध्ये याच मालिकेतला घडी होणारा ‘डाँकी काँग’ बनवताना एक अडचण आली. दिशा द्यायला जॉयस्टिक लावली तर झाकण बंद होईना. मग योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं चपटं बटण बनवलं. आज कुठलाही गेम कंट्रोलर हातात घ्या, डाव्या अंगठ्याजवळ ते बटण किंवा त्याचा एखादा भाऊबंद दिसेलच.

आता खरी लढाई.

१९८९ मध्ये योकोईंच्या टीमने गेमबॉय आणला. सातोरू ओकादा हे त्यातले दुसरे महत्त्वाचे इंजिनिअर. कागदावर हे मशीन अगदीच साधं होतं. ८ बिटचा प्रोसेसर, पडद्यावर हिरवट रंगाच्या चार छटा अन् अंधारात दिसायला आतला लाईटही नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, तो रंगीत. १९९० मध्ये जपानमध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत आणि आतून उजळणारा. सेगाने तर जाहिरातींतून गेमबॉयच्या बिनरंगी स्क्रीनची यथेच्छ टिंगल केली.

योकोईंबद्दल असं सांगतात, की स्पर्धकाचं मशीन आलंय असं कळल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की ते रंगीत आहे का. हो असं उत्तर आलं तेव्हा ते निवांत झाले.

का निवांत झाले? कारण हिशोब पेन्सिल सेलचा होता. गेमबॉयला चार सेल लागायचे आणि ते साधारण १५ तास चालायचे. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. अमेरिकेत गेमबॉय ९० डॉलरला मिळायचा, गेम गिअर १५० ला अन् लिंक्स १८० ला. शाळकरी पोराच्या खिशात यातलं काय बसणार? शिवाय गेमबॉयसोबत टेट्रिस मिळायचा. वरून पडणारे ठोकळे रचायला रंग लागतच नाही.

निकाल असा लागला, की गेम गिअर साधारण एक कोटीच्या घरात थांबला. गेमबॉय आणि पुढे आलेला गेमबॉय कलर मिळून ११ कोटी ८७ लाखांवर गेले.

पण इथे एक गोष्ट लोक विसरतात. योकोई सगळीकडेच काटकसर करत नव्हते. गेमबॉयचा पहिला पडदा तिरकं धरलं की दिसायचा नाही. मालकांनी तो बघितला आणि सगळा प्रकल्पच बंद पडायची वेळ आली. योकोईंची झोप उडाली. शेवटी त्यांनी पडद्याचा प्रकार बदलून घेतला. म्हणजे रंग नसला तरी चालेल, पण खेळणाऱ्याला दिसलंच पाहिजे. पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही, हे त्यांना बरोबर कळत होतं.

पण एकदा त्यांचाही हिशोब चुकला.

१९९५ मध्ये त्यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. डोळे लावून आत बघायचं आणि खोली असलेलं चित्र दिसायचं. सूत्र तेच होतं. रंगीत पडदा परवडत नव्हता म्हणून स्वस्त लाल एलईडी वापरले. पण यावेळी काटकसरीचा भार खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर आला. काळ्यावर लाल चित्र बघून लोकांचं डोकं दुखायला लागलं. यंत्र टेबलावर ठेवून वाकून बघावं लागायचं, त्यामुळे ना ते खिशातलं राहिलं ना टीव्हीवरचं. जेमतेम २२ गेम आले, पावणेआठ लाखांच्या आसपास नग विकले गेले आणि वर्षभराच्या आत कंपनीने हात वर केले.

ज्या माणसाने कंपनीला खेळण्यांच्या धंद्यात आणलं, त्याच्या नावावर आता कंपनीचं मोठं अपयश लागलं. ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निन्टेन्डो सोडली. अपयशामुळे काढलं अशी चर्चा झाली, पण आपण ठरवूनच बाहेर पडलो असं त्यांनी नंतर स्पष्ट केलं. त्यांनी कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नवा हातातला गेम बनवायला घेतला.

तो गेम बाजारात आलेला बघायला मात्र ते राहिले नाहीत. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागातल्या हमरस्त्यावर त्यांची गाडी पुढच्या ट्रकला धडकली. काय नुकसान झालंय ते बघायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय होतं ५६.

मार्च १९९९ मध्ये त्यांचं शेवटचं मशीन आलं, ‘वंडरस्वान’. पडदा पुन्हा बिनरंगी आणि किंमत ४,८०० येन. लागायचा फक्त एक पेन्सिल सेल, तोही ३० तासांच्या वर चालायचा. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या आठवणीत ‘गनपे’ असं नाव दिलं गेलं.

मग मूळ प्रश्नाचं काय? ताकदीने फरक पडतो का?

आकडे बघा. प्लेस्टेशन २ पेक्षा पहिला एक्सबॉक्स ताकदवान होता, तरी प्लेस्टेशन २ साडेपंधरा कोटींच्या पुढे गेला अन् एक्सबॉक्स २ कोटी ४० लाखांवर थांबला. निन्टेन्डोचा वी ताकदीत प्लेस्टेशन ३ च्या जवळपासही नव्हता, तरी तो दहा कोटींच्या वर खपला. २०१७ चा स्विच तर जुन्याच चिपवर आला आणि १५ कोटींच्या पुढे गेला.

म्हणजे ताकद निरुपयोगी का? तसंही नाही. प्लेस्टेशन ४ हा एक्सबॉक्स वनपेक्षा ताकदवान होता आणि जिंकला, पण सुरुवातीला तो शंभर डॉलरने स्वस्तही होता. उलट निन्टेन्डोचा वी यू ताकदीने कमी होता आणि एक कोटी ३६ लाखांवर आपटला, कारण तो कशासाठी घ्यायचा हेच लोकांना कळलं नाही.

म्हणून योकोईंच्या आयुष्यातून निघणारं उत्तर असं, की ताकद खेळणाऱ्याच्या हातापर्यंत पोचली तरच कामाची. गेमबॉयमध्ये जे कापलं ते खेळणाऱ्याला जाणवलं नाही. व्हर्च्युअल बॉयमध्ये जे कापलं ते थेट त्याच्या डोळ्यांना लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी नवीन कन्सोलसाठी पन्नास-साठ हजार मोजायची वेळ आली, तर टेराफ्लॉप नंतर बघा. आधी बघा की मला खेळायचे ते गेम त्यावर आहेत का, माझे मित्र कशावर खेळतात, आणि घरी टीव्हीसमोर बसायला मला वेळ मिळणार की नाही. कारण रोज कल्याण ते सीएसएमटी असे ५४ किलोमीटर जाऊन येणाऱ्याचा खेळायचा वेळ गाडीतच असतो. आणि तिथे ज्या हाताने कडी धरलेली नाही, त्या एका हाताने जे खेळता येईल तेच जिंकतं.

योकोईंना हे ४५ वर्षांपूर्वी कळलं होतं, तेही गाडीतच.