मादाम द सेव्हिन्ये : लेकीला लिहिता लिहिता

फ्रेंच साहित्याचा कोणताही इतिहास उघडा, मादाम द सेव्हिन्ये हे नाव त्यात सापडतेच. गंमत अशी की, या बाईने आयुष्यात एकही पुस्तक लिहिले नाही. तिने लिहिली ती पत्रे. त्यांतली अकराशेहून अधिक आज उपलब्ध आहेत, आणि बहुतेक एकाच व्यक्तीला, तिच्या लेकीला, लिहिलेली आहेत. पत्रांना वाङ्मय म्हणावे की नाही हा वाद मी प्राध्यापकमंडळींवर सोपवते. मला पत्रांइतकेच त्यांमागच्या बाईचे कुतूहल वाटते.

५ फेब्रुवारी १६२६ रोजी पॅरिसमध्ये, प्लास रोयाल या उमरावांच्या चौकात, तिचा जन्म झाला. माहेरचे नाव मारी द राब्युतँ-शांताल. ती दीड वर्षाचीही नव्हती तेव्हा, १६२७ मध्ये, वडील रे बेटावर इंग्रजांशी लढताना मारले गेले. १६३३ मध्ये आईही वारली. वडिलांची आई जान द शांताल ही व्हिजिटेशन या संन्यासिनींच्या संघाची संस्थापिका. पुढे १७६७ मध्ये तिला संतपद मिळाले. अशा घरातली पोरकी मुलगी मठात गेली असती तर कुणाला नवल वाटले नसते. पण आजोळच्या कुलांझ मंडळींनी तिला आपल्याकडे ठेवून घेतले. क्रिस्तॉफ द कुलांझ हा तिचा मामा धर्मगुरू होता, पण हिशेबात पक्का. या मामाचे ऋण तिने जन्मभर मानले.

१६४४ मध्ये, अठराव्या वर्षी, ब्रिटनीतल्या आंरी द सेव्हिन्ये या उमरावाशी तिचे लग्न झाले. नवरा देखणा, उधळ्या आणि बाहेरख्याली. १६५१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्याच एका बाईवरून झालेल्या द्वंद्वयुद्धात तो प्राणाला मुकला. पंचविशीतली विधवा, पदरी एक मुलगी आणि एक मुलगा.

आपल्याकडे त्या काळची विधवा म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते इथे बाजूला ठेवावे लागते. त्या काळच्या फ्रान्समध्ये मुलगी बापाच्या हुकमतीत आणि बायको नवऱ्याच्या. उमराव घरातल्या बाईला स्वतःच्या सहीने व्यवहार करता येई, तो विधवा झाल्यावरच. पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. हिच्या मागे तर मोठमोठे लोक होते. खुद्द सेनापती त्युरेन तिच्यावर लुब्ध होता असे सांगतात. तिने सगळ्यांशी मैत्री ठेवली आणि लग्न कुणाशीच केले नाही. पुढची पंचेचाळीस वर्षे ती तशीच राहिली. मामाच्या मदतीने विस्कटलेली मालमत्ता सावरली. ब्रिटनीतल्या ले रोशे या जहागिरीवर ती महिनोन्‌महिने राही, झाडे लावी, एकटी फिरे, वाचत बसे. हा निर्णय मला तिच्या साऱ्या लेखनाइतकाच मोलाचा वाटतो. किंबहुना त्याच्यावाचून ते लेखन झालेच नसते.

मैत्री तिला महागही पडली. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने आपला अर्थमंत्री फुके याला अटक केली, आणि त्याच्या पेटीत इतर बायकांच्या चिठ्ठ्यांबरोबर हिचीही पत्रे सापडली. त्यांत वावगे काही नव्हते, तरी कुजबूज व्हायची ती झालीच. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. हिने १६६४ मध्ये फुकेच्या खटल्याची हकिकत जवळजवळ रोज पाँपॉन या मित्राला कळवली. तो स्वतः राजाच्या गैरमर्जीमुळे पॅरिसबाहेर काढलेला होता. तुरुंगाकडे नेल्या जाणाऱ्या फुकेला एकदा तरी पाहावे म्हणून ती तोंडावर मुखवटा चढवून वाटेवर थांबली होती. न्यायाधीशांनी दिलेली हद्दपारीची शिक्षा राजाने जन्मठेपेवर नेली.

मुलगी फ्रान्स्वाज-मार्गरीत हिचे लग्न १६६९ मध्ये काउंट द ग्रिन्याँ याच्याशी झाले. दोनदा विधुर झालेला हा जावई पॅरिसमध्येच राहील अशी आईची कल्पना. पण त्याच वर्षी राजाने त्याला प्रोव्हान्समध्ये, देशाच्या पार दक्षिण टोकाला, आपला प्रतिनिधी नेमले. ४ फेब्रुवारी १६७१ रोजी मुलगी निघाली, आणि दोनच दिवसांत आईचा पत्रव्यवहार सुरू झाला. वाटेत आव्हिन्यॉपाशी रोन नदीवर लेकीची नाव उलटता उलटता वाचली. ती बातमी पॅरिसला पोचेपर्यंत लेक केव्हाच सुखरूप होती. तरी आईचा थरकाप व्हायचा तो झालाच. दूरच्या माणसाची काळजी ही नेहमी अशी काही दिवस उशिराची असते, हे टपालाची वाट पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

लेकीला करमावे म्हणून ती सारे पॅरिस पत्रात ओतू लागली. बायकांची नवी केशभूषा, चॉकलेट पिण्याचे गुणदोष, १६७१ मध्ये शांतियीच्या राजमेजवानीत मासळी वेळेवर आली नाही म्हणून जीव देणारा व्यवस्थापक वातेल, १६७६ मध्ये विषप्रयोगांबद्दल देहान्त भोगलेली ब्रँव्हिलिये. मात्र १६७५ मध्ये ब्रिटनीतली रयत नव्या करांविरुद्ध उठली आणि तिला फासावर चढवण्यात आले, त्याबद्दल ती ज्या हलक्या सुरात लिहिते, तो मला खटकतो. काही अभ्यासक त्यात उपरोध पाहतात. असेलही, पण जहागीरदारीण होती हेही खरेच.

आणि लेकीचे काय? एवढे प्रेम रोज अंगावर येणे सोपे नसावे. दोघी एका घरात आल्या की खटके उडत. १६७७ मध्ये तर हितचिंतकांनीच त्यांना दूर राहण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी आईने पॅरिसमधला कार्नाव्हाले वाडा भाड्याने घेतला, तोही लेकीला पॅरिसला आल्यावर उतरता यावे म्हणून! (आज तिथे पॅरिस शहराचे संग्रहालय आहे.) शेवटी १६९४ मध्ये ती लेकीकडेच गेली आणि १७ एप्रिल १६९६ रोजी ग्रिन्याँच्या गढीत तापाने वारली.

तिची पत्रे ती हयात असतानाच हातोहात फिरत. १७२५ पासून ती चोरून छापली जाऊ लागली, तेव्हा नात पोलीन हिने पेरँ नावाच्या गृहस्थाकडून १७३४ पासून अधिकृत आवृत्ती काढवली. घराण्याच्या अब्रूला आणि नव्या काळाच्या सभ्यतेला जे जाचले ते पेरँने कापले, सुधारले. पुढे १८७३ मध्ये दिजाँ इथल्या कायद्याच्या प्राध्यापक काप्मास यांना जुन्या वस्तूंच्या दुकानात पत्रांची एक जुनी हस्तलिखित नक्कल मिळाली, आणि कापलेला बराच मजकूर पुन्हा उजेडात आला. लेकीची उत्तरे मात्र पोलीनने नष्ट करवली होती. ती कुठल्याच दुकानात सापडली नाहीत.