नाणी तोलणारे गणिती: दा. ध. कोसंबी

सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात ३१ जुलै १९०७ रोजी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. त्यांच्याबरोबर दामोदर अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. भारतात परतल्यावर त्यांनी बनारस, अलीगढ आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले.

पुण्यात असताना त्यांनी आहत नाण्यांचा अभ्यास हाती घेतला. ही चांदीची प्राचीन नाणी. त्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, फक्त ठशांच्या खुणा. मग आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे ठरवायचे कसे? कोसंबींचा तर्क सरळ होता. नाणे हातोहाती फिरले की झिजते. म्हणून एकाच वेळी पुरलेल्या साठ्यात, मूळ वजन सारखे असेल तर, जास्त फिरलेली नाणी सरासरीने हलकी भरणार.

पण हा तर्क खरा की खोटा, हे केवळ प्राचीन नाण्यांवरून पडताळता येत नव्हते, कारण त्यांचे वय कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून कोसंबींनी त्या काळी चलनात असलेली नाणीही तोलली. त्यांवर साल छापलेले, म्हणजे उत्तर आधीच हाती. वय वाढेल तसे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतली तफावत वाढते, असे दिसले. तक्षशिलेच्या साठ्यातही मागच्या बाजूला खुणा जितक्या जास्त, तितकी नाणी सरासरीने हलकी निघाली.

वेब अॅप्लिकेशनच्या स्वयंचलित चाचण्यांतही हेच तत्त्व आहे. समजा, मालवणातल्या न्याहारी-निवासाच्या बुकिंगचे संकेतस्थळ तपासायचे आहे. आधी नमुना माहिती भरतात: खोल्या दोन, त्यांतली एक बुक झालेली. उत्तर माहीत आहे, एकच खोली शिल्लक दिसायला हवी. दोन दिसल्या, तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे. एकच खोली दोन पाहुण्यांना दिली जाण्याआधी ती सापडते. प्रत्येक चाचणीपूर्वी ही माहिती नव्याने भरतात, नाहीतर आधीच्या चाचणीतले बुकिंग पुढचे उत्तर बिघडवते.

१९४४ मध्ये कोसंबींनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र मांडले. जनुकशास्त्रात ते आजही त्यांच्या नावानेच वापरले जाते. पुढे १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.