नामदार गोखले आणि शाळेचा खर्च

कोकणातील गुहागर तालुक्यात कोतळूक नावाचे लहानसे गाव आहे. ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म तेथे झाला. गोपाळ तेरा वर्षांचा असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांचा हिशेब गोपाळाने जन्मभर मनात ठेवला असावा. पैसा कोठून येतो, कोणाच्या ताटातून येतो आणि कशासाठी खर्च होतो, हे पाहण्याची सवय त्यांना येथेच लागली.

१८८४ साली पदवी मिळवून ते पुण्यात शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून अनेक वर्षे शिकवीत राहिले. त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती रानडे यांच्या सहवासात त्यांना सरकारी अहवाल वाचण्याचा नाद लागला. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी त्यांना आकडे जमविण्यास मदत करीत. इतरांना कंटाळवाणी वाटणारी ही कोष्टके गोखले यांना मात्र देशाच्या संसाराची चोपडी वाटत.

१९०१ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. २६ मार्च १९०२ रोजी कोलकात्यात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत मोठी शिल्लक होती आणि अधिकारी त्याबद्दल समाधानी होते. गोखले यांनी आकड्यांच्या आधारे उलट निष्कर्ष काढून दाखविला. नुकतेच दोन भीषण दुष्काळ सोसलेल्या देशात तिजोरी भरून वाहते, याचा अर्थ प्रजा सुखी आहे असा नसून तिच्याकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा विशेष रोख मिठावरील करावर होता. तो तेव्हा मणाला अडीच रुपये होता. श्रीमंत व गरीब यांच्या जेवणात फार थोड्या वस्तू समान असतात. मीठ त्यांतील एक. म्हणून हा कर गरिबावर अधिक भारी पडतो, हे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९०३ साली हा कर दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला. यात इतरांचेही श्रेय होतेच. पण लोकांनी गोखले यांना मनापासून धन्यवाद दिले. कर कमी करा असे सांगणारा पुढारी कोणाला आवडत नाही?

खरी कसोटी पुढे आली. १६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिका व जिल्हा मंडळे यांना मिळावा, अशी त्यात तरतूद होती. आरंभ मुलांपासून करायचा होता. मुलींचा विचार पुढे व्हायचा होता. महिना दहा रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेतली जाणार नव्हती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण आधीच सुरू केले होते. त्याचा दाखला गोखले वारंवार देत.

पण शाळा, शिक्षक आणि फळे यांना पैसा लागतो. गोखले यांनी वाढीव खर्चाचा अंदाज वर्षाला सुमारे साडेचार कोटी रुपये असा केला. त्यातील दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलावा आणि उरलेल्यासाठी स्थानिक संस्थांनी शिक्षणकर बसवावा, अशी त्यांची योजना होती. येथेच सभेचा सूर बदलला. सरकार म्हणे, पैसा नाही. जमीनदारांना शेतावरचे मजूर कमी होण्याची धास्ती होती. शिक्षणाचे गुणगान करणारे कित्येक सुशिक्षितही नव्या कराचे नाव निघताच मागे सरले. शाळा सर्वांना हवी होती. तिच्यासाठी वर्गणी द्यायला पुढे येणारे थोडेच होते. हा आक्षेप अगदीच निराधार होता असेही नाही. परक्या सरकारच्या हाती आणखी एक कर आणि आणखी एक सक्ती देण्यास लोक बिचकले, तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही.

गोखले यांनी मात्र टाळाटाळ केली नाही. आयातीवरील जकात पाचावरून साडेसात टक्के करावी, असा मार्ग त्यांनी सुचविला. त्यापुढे जाऊन, दुसरा उपाय उरलाच नाही तर मिठावरील कर मणामागे आठ आण्यांनी पुन्हा वाढविण्यासही आपली तयारी आहे, असे त्यांनी जाहीर केले. ज्या कराविरुद्ध त्यांनी नावलौकिक मिळविला, तोच कर! आपल्या देशबांधवांना मीठ थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण त्यांची मुले अज्ञानात राहू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. टाळ्या मिळविण्याचा हा मार्ग नव्हे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बाजूने १३ व विरुद्ध ३८ मते पडली. विरोधकांत काही हिंदी सभासदही होते. विधेयक पडणार हे गोखले यांनी आधीच ओळखले होते. त्यांनी कोणावर राग धरला नाही. पुढील काळात नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रवास यांत त्यांची प्रकृती ढासळली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

तीन वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतातील नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला. प्राथमिक शिक्षणासाठी केंद्राच्या करांवर दोन टक्के उपकर बसला तो २००४ साली. तोवर गोखले यांचे विधेयक फेटाळले गेल्याला ९२ वर्षे झाली होती.