स्वामी रामानंद तीर्थ

दर वर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आमच्या लोहा तालुक्यातील शाळांपुढे व कचेऱ्यांपुढे झेंडा लागतो. पुण्यामुंबईकडील पाहुण्यास ह्याचे नवल वाटते, कारण १५ ऑगस्टचा सण एक महिन्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. मग हा दुसरा दिवस कसला, असे आपली मुलेही विचारितात. ज्या पुरुषाच्या चरित्रात ह्या प्रश्नाचे उत्तर सापडते, त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

स्वामी रामानंद तीर्थ यांचे मूळचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. तरुणपणी त्यांनी टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण घेतले, आणि लोकशाहीचा विकास हाच अभ्यासाचा विषय निवडिला. पुढे कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केल्यावर ते निजामाच्या राज्यात आले व हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. तेथे असताना त्यांनी संन्यास घेतला. नंतर अंबाजोगाईस त्यांनी योगेश्वरी विद्यालय वाढविले. संन्यासी झाल्यावर बहुतेक जण लोकांपासून दूर जातात. स्वामीजी लोकांच्या अधिक जवळ आले.

त्या काळी हैदराबाद संस्थानात सुमारे १ कोटी ६० लक्ष लोक राहत. त्यांपैकी जवळजवळ निम्मे तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी, आणि बाकीचे कानडी, उर्दू वगैरे. परंतु कचेरी व वरचे शिक्षण उर्दूत चाले. 'गश्ती निशाण ५३' ह्या हुकुमान्वये परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. शेतकऱ्यास आपले गाऱ्हाणे सांगावयाचे तर ते परक्या भाषेत, आणि चार जणांस एकत्र जमून सांगावयाचे तर तोच गुन्हा! राजा प्रजेचा, की प्रजा राजाची, हा प्रश्न ह्यातूनच उभा राहिला.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच सरकारने तिजवर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले. तोपर्यंत ते पुनः पुनः तुरुंगात जात राहिले.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपण स्वतंत्र राहणार, असे जाहीर केले. इंग्रज निघून जाताना कायद्याने हा निर्णय राजाच्या हाती सोपविला होता. स्वामीजींचे म्हणणे असे होते की, कोणत्या राष्ट्राचे घटक व्हावयाचे हे ठरविण्याचा अधिकार लोकांचा आहे, राजाचा नव्हे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकविण्यात आला आणि स्वामीजींस अटक झाली. नोव्हेंबरात त्यांची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये त्यांस पुनः धरिले. ह्या अवधीत लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत लुटालूट व खून केले. अखेरीस १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेविली. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले.

येथे आम्हांस एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वगळली तर हकीकत खरी राहणार नाही. त्या विजयानंतर पुष्कळ ठिकाणी निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत आमचा नांदेड जिल्हाही होता. जुलमी सत्ता गेली म्हणजे न्याय आपोआप येतो असे नाही. शेजाऱ्यास आपला मानणे हे काम झेंडा लागल्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादेहून लोकसभेवर गेले. मंत्रिपद मात्र त्यांनी घेतले नाही. तीन भाषांच्या लोकांस आपापल्या भाषेत कारभार करिता यावा म्हणून संस्थानाचे विभाजन व्हावे, असा त्यांनी आग्रह धरिला. ज्या प्रांताच्या मुक्ततेसाठी ते तुरुंगात गेले, तो प्रांतच नकाशावरून पुसला जावा हे त्यांस मान्य होते! १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले. १९९४ साली १७ सप्टेंबरलाच नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. आपल्या मंडळ्यांतील कित्येक मुले त्याच विद्यापीठाची पदवी घेतात, पण ते नाव कोणाचे हे थोड्यांसच ठाऊक असते.

तेव्हा पुढील १७ सप्टेंबरला, झेंडा उतरविण्यापूर्वी, गावच्या शिक्षकांनी ही हकीकत मुलांस सांगावी. आणि मोठ्यांनी एवढे करावे की, ग्रामसभेची दवंडी पिटली म्हणजे घरी बसू नये. पूर्वी परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. आज सभा भरते आणि आपण जात नाही. असे करून आपण ज्यांस विसरतो, त्यांत हा संन्यासीही आहे.