फ्रँक कॉनरॅड: गॅरेजमधलं एएम रेडिओ स्टेशन

आज पॉडकास्ट सुरू करायला एक फोन पुरतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या विल्किन्सबर्गमध्ये फ्रँक कॉनरॅड यांनी साधारण तेच केलं, घराच्या गॅरेजमधून.

कॉनरॅड यांचा जन्म १८७४ चा. शाळा सातवीत सुटली, सोळाव्या वर्षी वेस्टिंगहाऊस कंपनीत नोकरी. पुढे त्यांच्या नावावर २०० पेक्षा जास्त पेटंट झाली. रेडिओचा नाद लागला तो मात्र एका पैजेमुळे. कोणाचं घड्याळ जास्त अचूक, यावर सहकाऱ्याशी ५ डॉलरची पैज लागली. नौदलाचा वेळेचा सिग्नल पकडायचा म्हणून त्यांनी स्वतःच रिसीव्हर बनवला!

१९१६ मध्ये त्यांना ८एक्सके या केंद्राचं लायसन्स मिळालं. त्या काळी रेडिओ म्हणजे बिनतारी फोन: एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तिसऱ्याला ऐकू जातं, हा दोष समजला जायचा. महायुद्धाची बंदी उठल्यावर, ऑक्टोबर १९१९ मध्ये, सतत बोलून टेस्टिंग करण्यापेक्षा कॉनरॅड यांनी माइकसमोर ग्रामोफोन ठेवला. हौशी लोकांच्या फर्माइशी सुरू झाल्या. घरातल्या रेकॉर्ड संपल्या, तेव्हा एका दुकानदाराने दिल्या. बदल्यात दुकानाचं नाव घ्यायचं. म्हणजे स्पॉन्सरशिपसुद्धा गॅरेजमध्येच!

इथे एएमचा मोठा हात आहे. एएममध्ये आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमी-जास्त होते. ती उलगडायला एक क्रिस्टल, कॉइल आणि हेडफोन बास, बॅटरीचीही गरज नाही. सप्टेंबर १९२० मध्ये पिट्सबर्गच्या हॉर्न स्टोअरने १० डॉलरपासून रेडिओ संच विकायची जाहिरात दिली. ती वेस्टिंगहाऊसचे उपाध्यक्ष हॅरी डेव्हिस यांनी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: रोज कार्यक्रम असतील, तर लोक संच घेतील.

२ नोव्हेंबर १९२० ला कारखान्याच्या छतावरच्या खोलीतून, १०० वॉटच्या ट्रान्समीटरवर केडीकेए सुरू झालं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे लोकांनी घरबसल्या ऐकले. कॉनरॅड तिथे नव्हतेच. मुख्य ट्रान्समीटर बंद पडला तर आपलं केंद्र लगेच चालू करता यावं, म्हणून ते गॅरेजमध्ये तयारीत बसले होते. आपल्या भाषेत, बॅकअप सर्व्हर.

(हे पहिलं स्टेशन का, यावर वाद आहे. सॅन होजेचे चार्ल्स हेरल्ड त्याआधीच प्रसारण करत होते.)

पुढे कॉनरॅड शॉर्टवेव्हकडे वळले. १९४१ मध्ये ते वारले. केडीकेए आजही १०२० किलोहर्ट्झवर चालू आहे, ५० हजार वॉटने.