ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक मारणारा पहिला आशियाई खेळाडू मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळायचा

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक मारणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? क्विझमध्ये हा प्रश्न आला तर निम्मे लोक जपानचं नाव घेतील, निम्मे दक्षिण कोरियाचं. कोणीतरी इराणही म्हणेल.

उत्तर आपल्याच घरातलं आहे. गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळणारा सेंटर फॉरवर्ड, नेव्हिल डिसूझा.

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण तालुक्यांत भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात आणि त्यात लगेच क्रिकेटचे स्टंप रोवले जातात. फुटबॉल मात्र रात्री मोबाइलवर बघायचा खेळ. रियलची लाइन-अप काय, सिटीचा पुढचा सामना कोणाशी, मेस्सी खेळणार का, हे दहावीतल्या पोराला तोंडपाठ असतं. याच पोरांना नेव्हिल डिसूझा कोण विचारलं तर ती तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. त्यात त्यांची चूक नाही. त्यांना हे नाव कोणी सांगितलंच नाही.

म्हणून ही गोष्ट.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा. गाव गोव्यातल्या बारदेश तालुक्यातलं आसगाव. आपल्या कसारा लोकलच्या वाटेवरच्या आसनगावशी गल्लत करू नका. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि बारदेशातल्या घराघरातून माणसं पोटापाण्यासाठी मुंबई गाठायची. कोणी बोटीवर खलाशी, कोणी हॉटेलात आचारी, कोणी बँडमध्ये वादक. धोबी तलाव भागात गावागावाच्या नावाने ‘कूड’ असायचे. नवा आलेला गोंयकार आधी तिथेच पथारी टाकायचा. या माणसांनी मुंबईत येताना दोन गोष्टी सोबत आणल्या, संगीत आणि फुटबॉल.

मुंबईत फुटबॉल आधीपासून होताच. कूपरेज मैदानावर होणाऱ्या रोव्हर्स कपची सुरुवात १८९१ ची. इंग्रजांच्या पलटणी त्यात खेळायच्या. स्वातंत्र्याच्या आसपास पलटणी गेल्या आणि त्यांची जागा कंपन्यांच्या टीमनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, पुढे मफतलाल. पद्धत साधी होती. पोरगा चांगला खेळतो, मग त्याला नोकरी द्यायची. तो सकाळी सराव करणार, दिवसा ऑफिसात बसणार, संध्याकाळी हारवूड लीगमध्ये कंपनीकडून उतरणार. आजच्यासारखे कोटीचे करार नव्हते, पण दर महिन्याला पगार होता आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडलेला असायचा.

नेव्हिल या व्यवस्थेतला खेळाडू. टाटा स्पोर्ट्‌स क्लबचा. त्याचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला. एकाच घरातले दोन इंटरनॅशनल खेळाडू!

आता १९५६ कडे येण्याआधी जरा चार वर्षं मागे जाऊ.

१९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला भारताची टीम गेली होती. मैदान ओलं आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. समोर युगोस्लाव्हिया. निकाल लागला १०-१. दहा गोल खाऊन टीम परत आली. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

भारताचे कोच तेव्हा होते सय्यद अब्दुल रहीम. अजय देवगणचा ‘मैदान’ पाहिला असेल तर हे नाव लगेच लक्षात येईल. हैदराबादचे रहीम मूळचे शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलीसची टीम त्यांनी घडवली आणि त्या टीमने १९५० ते १९५४ असे सलग पाच रोव्हर्स कप मुंबईत येऊन जिंकले. म्हणजे मुंबईची मैदानं आणि तिथली पोरं रहीम यांच्या चांगल्या ओळखीची होती.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी रहीम यांनी जी टीम नेली त्यात बंगालचे समर बॅनर्जी कॅप्टन होते. पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, केंपय्या, नूर मोहम्मद, किट्टू अशी मंडळी होती. मुंबईतून गोलकीपर एस. एस. नारायण आणि सेंटर फॉरवर्ड नेव्हिल. नेव्हिलचं वय २४.

ते ऑलिम्पिक वेगळंच होतं. दक्षिण गोलार्धात भरल्यामुळे ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालं. सुएझ आणि हंगेरीच्या प्रश्नावरून काही देशांनी बहिष्कार टाकला, काहींनी ऐनवेळी माघार घेतली. फुटबॉलमध्ये शेवटी ११ टीम उरल्या. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. पण रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते आणि हंगेरीची फुटबॉल टीम आलीच नाही. भारताला पुढे चाल मिळाली आणि आपण थेट क्वार्टर फायनलला पोहोचलो.

समोर यजमान ऑस्ट्रेलिया. तारीख १ डिसेंबर १९५६.

घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, अंगापिंडाने दांडगे खेळाडू. पण नवव्याच मिनिटाला नेव्हिलने गोल केला. १७ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी घेतली, ४१ व्या मिनिटाला मॉरोने पुन्हा फेडली. हाफ टाइमला २-२.

दुसरा हाफ सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. ५० व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल. हॅट्‌ट्रिक! ८० व्या मिनिटाला किट्टूने चौथा मारून विषय संपवला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २.

त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल पहिला आशियाई खेळाडू ठरला आणि सेमीफायनलला पोहोचणारी भारत ही आशियातली पहिली टीम ठरली. हा तुक्का होता असं कोणाला वाटत असेल तर पुढचंही ऐका. ऑलिम्पिक झाल्यावर काही दिवसांतच सिडनीत या दोन देशांचा पुन्हा सामना झाला. त्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ ने धुतलं.

सेमीफायनल ४ डिसेंबरला होती. समोर कोण? तीच युगोस्लाव्हिया, जिने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते.

या वेळी पहिल्या हाफमध्ये तिला एकही गोल करता आला नाही. आणि ५२ व्या मिनिटाला गोल झाला तो भारताचा. मारणारा अर्थात नेव्हिल. ऑलिम्पिकच्या सेमीफायनलमध्ये भारत १-० ने पुढे! तिथून चाळीस मिनिटंही राहिली नव्हती. तेवढी काढली असती तर फायनल आणि किमान सिल्व्हर मेडल पक्कं होतं.

ती मिनिटं निघाली नाहीत. युगोस्लाव्हियाने पाव तासात तीन गोल केले, चौथा आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. निकाल ४-१. यामागे एक साधं कारण होतं. आपल्याकडचे स्थानिक सामने तेव्हा पूर्ण ९० मिनिटांचे नसायचे. परदेशात गेल्यावर शेवटच्या टप्प्यात आपल्या खेळाडूंचे पाय जड व्हायचे. कौशल्यात फरक थोडा होता, दमात जास्त होता.

७ डिसेंबरला ब्राँझसाठीची लढत बल्गेरियाशी झाली. ती आपण ३-० ने हरलो. भारत चौथा.

पण गोलांची यादी लागली तेव्हा सगळ्यात वर तीन नावं होती. युगोस्लाव्हियाचा तोदोर वेसेलिनोविच, बल्गेरियाचा दिमितार मिलानोव आणि भारताचा नेव्हिल डिसूझा. प्रत्येकी चार गोल. म्हणजे त्या ऑलिम्पिकच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत मुंबईत नोकरी करून खेळणारा एक पोरगा होता.

मग एवढं सगळं करून हे नाव मागे कसं पडलं?

पहिलं कारण म्हणजे ते गोल इथे कोणी पाहिलेच नाहीत. भारतात टीव्हीचं पहिलं प्रक्षेपण १९५९ मध्ये दिल्लीत झालं आणि मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ मध्ये. नेव्हिलची हॅट्‌ट्रिक मुंबईकरांनी वाचली, फार तर ऐकली.

दुसरं, हॉकी. त्याच मेलबर्नमध्ये ६ डिसेंबरला भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून हॉकीचं सलग सहावं गोल्ड जिंकलं. दुसऱ्या दिवशी फुटबॉल टीम ब्राँझ हरली. गोल्डच्या शेजारी चौथ्या नंबरला कोण जागा देणार?

आणि महाराष्ट्रापुरतं तिसरं, सगळ्यात मोठं कारण. त्याच ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. ७ तारखेला, ज्या दिवशी नेव्हिल बल्गेरियाविरुद्ध खेळत होता, त्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर लाखो माणसं बाबासाहेबांना निरोप द्यायला लोटली होती. एरवीही ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पेटलेलं. मुंबईच्या मनात त्या आठवड्यात फुटबॉलला जागा नव्हती, आणि ते स्वाभाविकच होतं.

पण तो आठवडा सरल्यावर पुढे वर्षंच्या वर्षं होती. त्यात तरी काय झालं?

१९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या टीममध्ये नेव्हिल नव्हता. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, दुसरा बलराम यांना, पुढे थंगराज यांनाही. सगळे मेलबर्नमधले नेव्हिलचे साथीदार आणि सगळे त्या मानाला लायक. त्या सामन्यात तीन गोल मारणाऱ्या नेव्हिलला मात्र अर्जुन कधीच मिळाला नाही.

१६ मार्च १९८० रोजी नेव्हिल गेला. वय फक्त ४७.

इथे एक तुलना करावीच लागते. नेव्हिलनंतर १२ वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोतोने नायजेरियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली आणि जपानने ब्राँझ जिंकलं. त्याच्या आधीच, १९६५ मध्ये, जपानने राष्ट्रीय लीग सुरू केली होती. तीही कंपन्यांच्या टीमचीच होती. पुढे १९९३ मध्ये त्यातूनच प्रोफेशनल जे-लीग उभी राहिली. कंपनीच्या नोकरीतून क्लबपर्यंत एक रस्ता तयार झाला.

आपल्याकडे राष्ट्रीय लीग यायला १९९६ उजाडलं. नंतर आय-लीग आली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पण दरम्यान कंपन्यांच्या टीम एकेक करून बंद झाल्या. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये ती टीमही बंद झाली. रोव्हर्स कप तर त्याच्या आधीच थांबला होता. म्हणजे जुनी शिडी काढून घेतली आणि नवी शिडी जिथे लावली तिथपर्यंत सगळ्यांना पोहोचता येत नाही.

याचा अर्थ मुरबाडच्या एखाद्या पोरासाठी काय होतो बघा. गावात फुटबॉलचं धड मैदान नाही. चांगलं कोचिंग हवं तर आधी एसटीने कल्याण, मग लोकलने मुंबई. रोजचा जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च घरच्यांनी सोसायचा आणि पुढे नोकरी मिळेल का याची खात्री कोणी देत नाही. आसगावच्या नेव्हिलला ही खात्री एका कंपनीच्या टीमने दिली होती. गुणवत्ता त्याची स्वतःची होती, पण ती मैदानात टिकून राहिली ती महिन्याच्या पगारामुळे.

२०२६ च्या वर्ल्ड कपसाठी टीमची संख्या ३२ वरून ४८ केली, तरी भारत पात्र ठरला नाही. १९६० नंतर ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्येही आपण दिसलेलो नाही. दर वेळी चर्चा कोच कोण आणि स्ट्रायकर कोण यावर होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने पुढची पाच वर्षं कशाच्या भरवशावर खेळायचं, यावर फारशी होत नाही.

नेव्हिलच्या नावाने मुंबईत एक जागा मात्र आहे. वांद्रे पश्चिमेला रिक्लेमेशनजवळ नेव्हिल डिसूझा फुटबॉल मैदान आहे आणि मुंबईच्या लीगचे बरेच सामने तिथे होतात. आसनगावहून लोकल पकडा, दादरला गाडी बदला आणि वांद्र्याला उतरा. सामना बघायला जाल तेव्हा सोबतच्या पोरांना गेटवरचं नाव कोणाचं आहे एवढं नक्की सांगा. मेस्सीचे गोल त्यांना पाठ आहेतच, मेलबर्नमधले हे चारही पाठ होऊ द्या.