गाडगे आणि खराटा

संत गाडगेबाबांचे चित्र महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत आढळते. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा. मुले 20 डिसेंबरला त्या चित्राला हार घालतात. परंतु आमच्या समाजातील जुन्या माणसांच्या मनात हे चित्र पाहताना एक काटा सलतो आणि तो सलणे रास्तही आहे. पेशवाईच्या काळी पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात थुंकण्यासाठी मडके आणि कमरेला पाऊलखुणा पुसण्यासाठी झाडू असे, ही नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या जातिसंस्थेच्या उच्चाटनावरील भाषणात केली आहे. तेच मडके आणि तोच झाडू. जे आपल्या पूर्वजांच्या अंगावर बळाने बांधले गेले, ते आपणहून उचलणाऱ्या माणसाचे चरित्र आपण आपल्या मुलांपुढे का ठेवावे, हा प्रश्न आम्हांस टाळता येत नाही.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आली. तेथे मामाची गुरे राखणे, नांगर धरणे, मोट हाकणे यांत डेबूजी वाढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. सावकाराच्या कागदावर आंधळेपणाने अंगठा उठवल्यावर कष्टकऱ्याच्या घराचे काय होते, हे मात्र त्यांनी मामाच्याच घरी पाहिले. पुढे आयुष्यभर ते कीर्तनातून मुलांना शिकवा असे विनवीत राहिले. जेवणाचे ताट मोडावे, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, हा त्यांचा आग्रह होता. त्याचे मूळ आम्हांस दापुऱ्याच्या त्या शेतात दिसते. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण न देता त्यांनी गोडधोडाची पंगत घातली. भाऊबंद रुसले, पण डेबूजींनी आपला बेत बदलला नाही.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. तेव्हापासून 1956 पर्यंत, म्हणजे 51 वर्षे, त्यांच्या दिवसाचा क्रम फारसा बदलला नाही. कोणत्याही गावात शिरले की कोणाला नाव न सांगता खराटा चालू करायचा. चावडीपुढचा उकिरडा, देवळाभोवतालची घाण, गटारातला गाळ, जे समोर येईल ते उपसायचे. काम झाल्यावरच भाकरी मागायची आणि ती गाडग्यात घेऊन खायची. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन. त्यात कर्ज काढून केलेली लग्ने, नवसाची बोकडे, दारू आणि शिवाशिव यांविषयी ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. पायांवर डोके ठेवू देत नसत; शिष्य केला नाही. लोक पैसे देऊ लागले की ते गावाच्याच उपयोगी लावण्यास सांगून पुढच्या गावाची वाट धरीत.

येथे आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. गावाची घाण काढणे हे ज्या व्यवस्थेने काही जातींच्या जन्माला चिकटवले होते, त्या व्यवस्थेत हा माणूस पाटलाच्या दारापुढे खराटा चालवी. घाण करणारे ओट्यावर बसून आहेत आणि एक परका म्हातारा ती काढतो आहे, हे दृश्य गावाला फार वेळ सोसवत नसे. मग कोणी टोपली आणी, कोणी फावडे. वतन म्हणून लादलेले काम टाकून द्या, हे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले. गाडगेबाबांनी ते काम जातीच्या हातून काढून सगळ्या गावाच्या हाती दिले. आमच्या मते ही दोन्ही कामे परस्परांस पूरक आहेत. पण मुलांना केवळ दुसरे सांगून पहिले वगळणे हा अन्याय होईल. म्हणूनच निवासी शाळेत झाडलोटीची पाळी प्रत्येक मुलाची, मुख्याध्यापकांच्या मुलाचीही असली पाहिजे. ती एकाच आडनावाच्या मुलांकडे वळू लागली की गाडगेबाबांचे चित्र भिंतीवरून उतरवलेलेच बरे.

वरवंडच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सहज समजेल. संत तुकाराम महाराजांची पालखी येथे मुक्कामाला असते. दुसऱ्या दिवशी ती पुढे गेल्यावर माळावर काय मागे राहते, हे आपण पाहतो. गाडगेबाबाही पंढरपूरला जात. परंतु विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत ते उभे राहत नसत. चंद्रभागेचे वाळवंट झाडणे व तेथेच कीर्तन करणे हीच त्यांची वारी होती. राज्य शासनाने 2000-01 साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, ते चांगलेच झाले. मात्र वर्षातून एकदा छायाचित्रकाराच्या साक्षीने धरलेला कोरा खराटा आणि रोज झिजणारा खराटा यांतील फरक मुलेही ओळखतात.

त्यांचा हा नेम घराला जड गेला, हेही सांगितले पाहिजे. पत्नी कुंताबाई आणि मुली यांच्या वाट्याला दारिद्र्यच आले. मुलगा गोविंदा 1923 साली वारला. ती वार्ता कीर्तनात असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही. या कठोरपणाचे अनुकरण करा, असे आम्ही कोणत्याही पालकास सांगणार नाही. पण नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या असता त्यांतील एका खोलीवरही त्यांनी नातलगांचा हक्क ठेवला नाही, हे त्याच स्वभावाचे दुसरे अंग होय.

पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना कोणी ओसरीवरही टेकू देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. 1949 साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्या वर्षी बाबा मुंबईत आजारी असताना देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब दोन घोंगड्या घेऊन भेटीस गेले आणि कोणाचेही काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असे सांगतात. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या त्या वास्तूत विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. आपल्यासारख्या निवासी शाळेत वाढलेल्यांना या बदलाचे मोल वेगळे समजावून द्यावे लागू नये.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. गाडगेबाबा तेव्हा 80 वर्षांचे होते. त्यानंतर 14 दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच, त्यांची प्राणज्योत मालवली.